‘मला नाही जमायचं’



मी बी.कॉम. आहे, हे आमच्या घरात कोणाच्या लक्षातही नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. 1982 साली लग्न होऊन आले, तेव्हा सासऱ्यांनी कौतुकानं घरखर्चाची वही माझ्या हाती दिली. दुसऱ्याच महिन्यात धान्यवाल्याला दिलेला चेक परत आला. अक्षरी रक्कम एक, आकड्यांत दुसरी. जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर सासरे म्हणाले, “बी.कॉम. आहे म्हणे!” सगळे हसले, मीही हसले.

ते एकवेळ विसरले असते. पण त्यानंतर माझ्या वहीतली प्रत्येक बेरीज धाकटे दीर पुन्हा करू लागले. न बोलता, पेन्सिलीनं. बरोबर असली तरी करत, चुकली तरी करत. म्हणजे मी लक्ष घातलं काय नि न घातलं काय, पान तपासलं जाणारच! सहा महिन्यांत मीच वही ह्यांच्या हातात दिली. “मला नाही जमायचं.” पुढं चाळीस वर्षं हेच वाक्य. बँक, विमा, लाईट बिल, एटीएम, सगळ्यालाच.

लेकीची मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. सुट्टीत आली असताना तिनं मला कुत्र्यांवरच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. 1967 साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी तो केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके देत, पण नाकानं एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटालाही तेवढेच झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी त्यानं ते थांबत नसत. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं, की मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका. पहिले उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक तिथंच कण्हत पडून राहिले. ऐकताना मला त्या मुक्या जिवांचंच वाईट वाटत होतं. असली हिंसा करून मिळवलेलं ज्ञान घ्यावं की नाही, असंही मनात आलं. पण दीरांची पेन्सिल डोळ्यांसमोरून हलेना.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ह्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने पलंगावर. मुलगा बंगळूरला. घरी रोजची नर्स, तिचे पैसे, औषधं, आणि कपाटात कुलूपबंद फाईल. मुलाला फोनवर म्हटलं, “तू आलास की बघू.” सामायिकाला बसले तरी मन त्या फाईलमध्येच. शेजारणीला म्हणाले, “आपल्या कर्माचा उदय, दुसरं काय!”

आणि चातुर्मासात स्थानकात साध्वीजींनी उपासकदशांगातल्या सद्दालपुत्राची गोष्ट घेतली. पोलासपूरचा हा मोठा कुंभार गोशालकाला मानणारा. सगळं आधीच ठरलेलं, प्रयत्नाला अर्थ नाही, असं त्याचं मत. भगवान महावीरांनी त्याला विचारलं, ही मडकी प्रयत्नानं झाली की प्रयत्नाविना? तो म्हणाला, प्रयत्नाविना, होणारच होती. मग तुझी मडकी कोणी फोडली तर? तो म्हणाला, मी त्याला मारीन. मग ठरलेलं होतं ना ते, त्याचा काय दोष?

सगळे हसले, मी मात्र चपापले. त्याच सकाळी कामवाल्या बाईंच्या हातून लोणच्याची बरणी फुटली होती, तेव्हा मला नियती आठवली नव्हती. चांगली दहा मिनिटं बडबडले होते. निकाचित कर्म भोगल्याशिवाय सुटत नाही, हे लहानपणापासून ऐकलंय. पण बाकीच्या कर्मांत पुरुषार्थानं फरक पडतो, हेही त्याच शास्त्रात आहे. माझं निकाचित कर्म म्हणजे बँकेची स्लिप होती का?

एवढं कळून मी दुसऱ्या दिवशी ताडताड बँकेत गेले असं मात्र नाही. धाकटी जाऊ, त्याच दिरांची बायको, येऊन म्हणाली, “ताई, चपला घाला. मी दारात उभी राहते.” सही जुळली नाही, परत आलो. दुसऱ्यांदा रांगेत माझा घसा कोरडा पडला. तिसऱ्यांदा तिनं अक्षरशः दंडाला धरून आत ढकललं. नातीला सांगितलं तर ती ओरडलीच, “आजी, त्या कुत्र्यांनाही असंच ओढून भिंतीपलीकडं न्यावं लागलं होतं! आणि एकदा नाही, खूपदा!” शिवाय 2016 मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आधी थोडं उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं हे मेंदूचं आपसूकच होतं. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हातात काही आहे.

पासबुक भरून आणलं आणि माझ्या नावच्या एफडीच्या व्याजावर नजर थांबली. कमी होतं. कागद घेऊन हिशोब मांडला. टीडीएस कापला होता! एप्रिलमध्ये द्यायचा 15एच फॉर्म हे अंथरुणात असल्यामुळं राहिलाच होता. माझं उत्पन्न कराच्या मर्यादेत येत नाही, म्हणजे कापायलाच नको होता. फॉर्म भरला, कापलेले पैसे रिटर्न भरून मागायचे म्हणून टिपून ठेवलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजी, तुम्ही बँकेत होतात का?”

आता हे वॉकर घेऊन चालतात. परवा म्हणाले, “वही आण बघू.” पेन्सिलही मागितली. माझ्या पोटात तोच जुना गोळा. बेरीज करत करत खाली आले आणि म्हणाले, “अगं, इथं वीस रुपये चुकलेत.”

पाहिलं, खरंच चुकले होते. भाजीचे दोनदा धरले होते.

“द्या इकडं,” म्हटलं, खोडून नीट लिहिलं आणि वही माझ्याच कप्प्यात ठेवली. सूर्यास्ताला अर्धा तास राहिला होता आणि अजून भाकरी टाकायच्या होत्या.