चोपन्न ओळींचं प्रोजेक्ट

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हटलं की आपली पोरं आधी झेरॉक्सचं दुकान गाठतात. तयार फाइल, वर आपलं नाव, स्पायरल बाइंडिंग. त्यांना मी एकदम दोष देत नाही. माझ्या समाजशास्त्राच्या एम.ए.च्या लघुप्रबंधातही बरीच पानं इकडूनतिकडून उचललेली होती. संशोधन म्हणजे काय, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं.

यंदा मात्र पूर्णा इथल्या आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतली एक मुलगी म्हणाली, "ताई, मला विकतचं नको." ती रोज रेल्वेने परभणीला कॉलेजला जाते, गणित घेऊन. विषय घेतला कापरेकरांचा ६१७४.

द. रा. कापरेकर देवळालीचे शाळामास्तर. ना एम.एस्सी., ना पीएच.डी. त्यांच्या कामाला इथले कित्येक गणिती पोरखेळ समजत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव जगभर झालं. गंमत साधी आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोचताच.

पण सगळ्या संख्यांसाठी हे सिद्ध कसं करायचं? सर म्हणाले, प्रोग्राम लिही. हिच्याकडे लॅपटॉप नाही. आठवडाभर वही काळी केली आणि एका संध्याकाळी मला दाखवलं: अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड धरले, तर वजाबाकी नेहमी ९९९ × (अ−ड) + ९० × (ब−क) येते. म्हणजे लागतात ते फक्त दोन फरक, आणि त्यांच्या जोड्या होतात ५४. शून्यांसकट ९,९९० संख्यांचं काम ५४ ओळींत!

पहिल्याच ओळीला गाडी अडली. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, आणि ९९९ मधून ९९९ गेले की शून्य. पोरगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "चार घरं धरलीत ना ताई, मग रिकामं घरही मांडायला लागतं." ०९९९ लिहिलं. ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

ही सिद्धता जगाला नवी नाही. तिने ती नकललेली नाही, माझ्यासाठी एवढं पुरे. मित्रांनो, 'कास्ट्स इन इंडिया' हासुद्धा १९१६ साली कोलंबियातल्या एका सेमिनारमध्ये वाचलेला विद्यार्थ्याचा निबंधच होता. बाबासाहेब तेव्हा २५ वर्षांचे होते. वर्गातल्या कामाला आपण फॉर्मॅलिटी म्हणतो, तेव्हा हे आठवावं.

आणि व्यवस्थेलाही एक प्रश्न आहे. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. कापूस वेचणीच्या दिवसांत जिचे तास बुडतात, तिच्या टक्क्यांवरून तिची संशोधनाची कुवत कशी ठरते? या मुलीला ७५ टक्के नाहीत. ती ५४ ओळींची वही कोणत्या रकान्यात बसवायची?

फाइल गेली. मंगळवारी तोंडी परीक्षा आहे, इंग्रजीत. म्हणून ती रोज मला समोर बसवून ०९९९ इंग्रजीत समजावते. माझं पाठ झालंय. तिचं अजून 'बिकॉज'पाशी अडतं.