घरात वाद्य

जयंतीचा हिशेब झाला आणि पंधरा हजार दोनशे उरले. डीजे सांगितला नव्हता म्हणून उरले. उरले म्हणून भांडण लागलं.

२०२२ ची गोष्ट. वाशीमच्या आमच्या वस्तीतलं समाजमंदिर. वर पत्रे, खाली सतरंजी, समोर बाबासाहेब आणि तथागत. गायन पार्टीचे आम्ही सात जण आणि वर्गणी गोळा करणारी पोरं. कोणी म्हणे भोंगे घ्या. कोणी म्हणे वाचनालयाला पुस्तकं घ्या. मी म्हणालो, बेस गिटार घेऊ.

ढोलकीवाला माझ्याकडे पाहतच राहिला. "ते काय असते बे?"

त्याचं बरोबर होतं. बेस पाहिलेला असतो, ऐकलेला नसतो. मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरातून तो आवाज बाहेरच पडत नाही. गिटारीसारखंच अंग, पण मान लांब, आणि तारा चारच, सुतळीसारख्या जाड. सगळ्यात जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा हलते. साध्या गिटारीची जाड तार ब्याऐंशी वेळा. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. खर्ज. आमच्या पार्टीत हा खर्ज दोनच ठिकाणांहून यायचा. ढोलकीच्या डाव्या तोंडातून, जिथं आतून मसाला लावलेला असतो. आणि माझ्या जुन्या कीबोर्डच्या डाव्या हातातून, तो तर पुठ्ठा बडवल्यासारखा.

कॉलेजातला एक कार्यकर्ता उठला. चांगला पोरगा, वाचणारा. म्हणाला, "चळवळीत हे विदेशी फॅड कशाला?"

मी म्हणालो, दादा, तुझ्यासमोर पेटी आहे ती कुठली? युरोपातून आलेली. आणि आपला बेंजो, ज्याच्याशिवाय वरात निघत नाही, तो जपानचा. १९१२ साली नागोयात एकानं टाइपरायटरसारखी बटणं लावून तारांचं वाद्य बनवलं, ते फिरत फिरत इकडं आलं आणि आपण त्याला बेंजो म्हणून टाकलं. १९७२ ला आपल्या पोरांनी मुंबईत पँथर हे नाव घेतलं तेही अमेरिकेतल्या काळ्यांकडूनच ना? तेव्हा कोणी फॅड म्हटलं नाही. त्या काळ्यांच्या गाण्यांखाली हाच बेस आहे. जेम्स जेमर्सन नावाचा माणूस डेट्रॉइटला मोटाऊन कंपनीत वाजवायचा, जवळजवळ एका बोटानं. त्याचा बेस जगानं ऐकला, पण तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत. १९७१ ला मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' वर त्याचं नाव आलं तेव्हा लोकांना कळलं. आणि बॉब मार्लीचा बेसवाला अ‍ॅस्टन बॅरेट, जो २०२४ ला गेला, त्यानं पहिला बेस प्लायवूडचा, घरीच ठोकून केला होता. (हे मी तेव्हा एवढं धडाधड बोललो नाही. अडखळलो. मरणाचं तर तेव्हा काही नव्हतंच. आता लिहिताना नीट जमतं.)

पण खरा मुद्दा डीजेचा होता. आता मिरवणुकीत बेस काही कमी नाही. पत्रे हालतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते. पण त्या बेसखाली शब्द मरतात. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले ते शब्द घेऊन. पेटी, ढोलकी आणि शब्द. मला शब्दांना खालून आधार देणारा खर्ज पाहिजे होता, शब्दांच्या छातीवर बसणारा नाही. चार विरुद्ध तीन असं ठरलं. पुस्तकवाला पोरगा हरला. त्याच्यासमोर मला आजही थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण त्याचंही खोटं नव्हतं.

आता खरी अडचण. समाजमंदिराचं कुलूप तुटलेलं, पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी. बेसची मान लाकडाची. तिथं ठेवली तर वर्षात वाकणार. म्हणजे बेस माझ्या घरी ठेवावा लागणार. आणि आमच्या घरात वाद्य येत नाही.

माझा आजा गावात डफडं वाजवायचा. पोळ्याला, दसऱ्याला, पाटलाच्या घरच्या लग्नाला, मयतीला. बोलावणं आलं की जायचं. वाजवायचं आणि लांब उभं राहायचं. जेवण सगळ्यांचं झाल्यावर, अंगणाच्या बाहेर, उरलेलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला तो नागपूरला गेला आणि बुद्धाचा होऊन आला. पुढच्या पोळ्याला गावानं बोलावणं धाडलं. आजा गेला नाही. डफड्याचं कडं त्यानं चुलीत घातलं आणि चामडं उकिरड्यावर टाकलं. बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते, त्यांना त्या जळत्या कड्याचा वास आठवतो. त्या साली खळ्यावर धान्य मिळालं नाही. विहिरीवर भांडण झालं. म्हणून आमचं घर वाशीमला आलं, रस्त्याची खडी फोडायला. तेव्हापासून नियम एकच. हात पुस्तकाले लागले पाह्यजे, वाद्याले नाई.

मी समाजमंदिरात कीबोर्ड वाजवतो हे बाबांना ठाऊक होतं. कार्यक्रमाला यायचे, पण मागं, दाराजवळ बसायचे. घरात त्यावर एक शब्द नाही.

मी न विचारताच अकोल्याला गेलो. वाशीमहून मालेगाव, पातूर, अकोला. जाताना खिशात एक वही. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातल्या म्हाताऱ्या बेसवाल्यानं फोनवर सांगितलेलं सगळं तिच्यात लिहून घेतलं होतं. तुम्हीही लिहून घ्या, उपयोगी पडेल. चकाकी पाहू नको. पाच तारांचा दाखवतील, घेऊ नको, शिकायला चारच पुरे. अंगाकडून डोळा लावून मान पाहा, बंदूक धरतात तशी. पिळलेली असेल तर फुकटही घेऊ नको. नुसती बाक असेल तर चालते, आत लोखंडी सळई असते, ती चावीनं फिरवून बाक निघतो. मग तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाब आणि मध्ये पाहा, पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पाहिजे. एकेक पडदा वाजव, कुठं खरखरतं ते ऐक. बाराव्या पडद्यावर दाबून वाजव, मग तिथंच नुसता स्पर्श करून वाजव. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. बटणं फिरव, खर्रर्र आवाज आला तर आत धूळ. आणि बॅटरीवाला असेल तर सोड, खेड्यात ऐन कार्यक्रमात नऊ व्होल्टची बॅटरी कुठून आणशील?

दुकानात गेलो. काच, एसी, भिंतीवर गिटारी टांगलेल्या. मालकानं नाव विचारलं, मग आडनाव. सांगितलं. "अच्छा. बेंजो पार्टी. वरातीत वाजवता?"

म्हणालो, "नाही. गायन पार्टी. भीमगीतं."

त्यानं बारा हजार पाचशेचा बेस खाली काढला. मी मान पाहिली, पडदे पाहिले. तिसऱ्या तारेवर नवव्या पडद्याला खरखर होती. सांगितलं तर म्हणाला, "नवीन आहे, वाजवून वाजवून बसेल." पडदे वाजवून बसत नाहीत, घासावे लागतात. मी परत दिला. त्यानं मी धरलेली मान फडक्यानं पुसली. धूळ असेल म्हणून पुसली असेल. पुसली मात्र लगेच.

बाहेर येऊन रसवंतीवर बसलो आणि म्हाताऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "इकडंच ये ना लेका."

एका खोलीचं घर. कॉटखाली बेस. वीस वर्षं हिंदी गाणी वाजवलेला, जिथं मनगट टेकतं तिथं रंग उडून लाकूड उघडं पडलेलं. मान सरळ. पडद्यांना तारांच्या खाचा होत्या, पण खरखर नव्हती. म्हणाला, सात हजार. मी सहा म्हणालो. तो म्हणाला, "भाव करू नको, तार नवीन टाकून देतो." बेसच्या चार तारांचा संच गिटारीच्या सहा तारांपेक्षा महाग असतो हे मला तिथं कळलं. सात दिले.

एसटीत कंडक्टरनं पिशवीकडं पाहिलं. "बंदूक हाय का भाऊ?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. १९५१ ला लिओ फेंडर नावाच्या माणसानं हा बेस बाजारात आणला नसता तर मी पुरुषभर उंचीचा उभा बेस घेऊन त्या गाडीत कुठं चढलो असतो कोणास ठाऊक.

घरी आलो तर बाबा ओट्यावर. पिशवी पाहिली. काही बोलले नाहीत. मीही नाही. बेस कपाटामागं उभा केला.

मग फजिती. मला वाटलं पैसे वाचवले, उरलेल्या आठ हजारांतून कीबोर्डची दुरुस्ती केली, साड्या आणि सदरे शिवले. मेमध्ये बुद्धजयंतीला एका खेड्यात कार्यक्रम होता. तिथं नुसते भोंगे. भोंगा खालचे सूर घेतच नाही, त्याचा घसाच तेवढा नसतो. तीन तास वाजवलं, बोटांना फोड आले, ऐकू काही नाही. कार्यक्रम झाल्यावर एक मावशी म्हणाली, "सगळ्याइनं मेहनत केली, हे एक पोरगं नुसतंच बोटं हालवत होतं." बेसच्या पैशात निम्मे आवाजाच्या पेटीचे धरायला पाहिजे होते. म्हाताऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं आणि मी लिहून घेतलं नाही. जूनमध्ये पदरचे पैसे घालून पंधरा इंची स्पीकरचा जुना अँप घेतला.

फोडांचंही सांगतो. आमचा गायक काळी चारमध्ये गातो. बेसच्या चारही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्टीच्या, सफेद तीन, सहा, दोन, पाच. म्हणजे एकही मोकळी तार आमच्या षड्जाला कामाची नाही. जाड तारेवर चौथ्या पडद्यावर बोट रोवून ठेवायचं, गाणं संपेपर्यंत. गायकाला म्हणालो, बाबा, अर्धी पट्टी खाली ये. म्हणाला, "तू वर ये."

ऑगस्टमध्ये फोन आला. आमच्याच मूळ गावाहून. त्या बुद्धजयंतीच्या खेड्यात कोणीतरी आम्हाला पाहिलं होतं. "पोळ्याले या वाजवाले. पैसे देऊ. स्टेज हाय."

पोळ्याला. मी फोन हातात धरून घरात गेलो आणि बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

"बोलावणं हाय का सुपारी?"

"सुपारी. आधी पैसे."

"बसवतीन कुठं?"

"स्टेजवर. खुर्च्या आहेत म्हणतात."

"जेवाले?"

मी विचारलं नव्हतं. म्हणालो, "आपण डबे नेऊ."

"डबे कायले? विचार त्याहिले. अन् वाजवशीन काय?"

मी परत फोन लावला. जेवणाचं विचारलं. तिकडून हसून म्हणाले, आता कुठं तसं राह्यलं, सगळे एकाच मांडवात. गाणी आमचीच वाजतील म्हणालो, तर जरा थांबले. "एखादं म्हणा बा भीमाचं. बाकी पोळ्याचीच म्हणा. गावाचं पाहावं लागते." मी म्हणालो, कार्यक्रम पूर्ण आमचा, नाहीतर नाही. "विचारून सांगतो."

बाबा ऐकत होते. उठले, कपाटामागचा बेस पिशवीसकट ओढला. आठ वर्षांच्या वयानंतर पहिल्यांदा, माझ्या समजुतीप्रमाणं, त्यांनी वाद्याला हात लावला.

"चामडं नाई ना कुठं?"

"नाही बाबा. लाकूड आणि पोलाद."

जाड तार त्यांनी अंगठ्यानं ओढली. अँप लावलेला नव्हता. तरी लाकडातून ती घूम बाहेर आली, आणि बेस त्यांच्या पोटाशी टेकलेला असल्यामुळं ती त्यांना पोटात लागली असणार. हात मागं घेतला.

गावाहून फोन आला नाही. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी आम्ही समाजमंदिरात सराव केला. बाहेर बैल सजवून नेत होते, घुंगरांचा आवाज येत होता. बाबा आले. दाराजवळ थांबले नाहीत, पुढं येऊन सतरंजीवर बसले. दुसरं कडवं सुरू असताना त्यांनी हात वर केला.

"तुया आवाज कमी कर. शब्द ऐकू येत नाई."

मी कमी केला.