भयंकर : एका विशेषणाच्या निमित्ताने

रावेर परिसरात मे-जूनचे वादळ म्हणजे केळीवर घाला. घडांच्या भाराने वाकलेली झाडे पाहता पाहता आडवी होतात. अशाच एका वादळानंतर आमच्या वर्गातील विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, ‘आभाळ भयंकर सुंदर दिसत होते.’ आम्ही ‘भयंकर’खाली लाल रेघ ओढून समासात ‘अत्यंत’ लिहिले. त्याच्या घरची बागही त्याच दिवशी झोपली होती, हे आम्हांला मागाहून कळले.

ती रेघ पुन्हा आठवली सोफोक्लीझचे ‘अँटिगनी’ वाचताना. त्यात माणसाविषयीचे एक प्रसिद्ध समूहगीत आहे. समुद्र ओलांडणारा, जमीन नांगरणारा, पण मृत्यूवर उपाय नसलेला माणूस त्यात येतो. त्याच्यासाठी योजलेले विशेषण आहे ‘देइनोस’; स्त्रीलिंगी ‘देइने’, नपुंसकलिंगी ‘देइनोन’. ‘देइनोतेरोस’, ‘देइनोतातोस’ ही त्याची तर-तमवाचक रूपे. मूळ अर्थ भीतिदायक. ‘इलियड’मध्ये अपोलोच्या धनुष्याचा टणत्कार ‘देइने’ आहे. पण त्याच काव्यात हेलन आपल्या वृद्ध सासऱ्याला आदरणीय म्हणते आणि लगोलग ‘देइनोस’ही म्हणते. तेथे आपला ‘दरारा’ जवळचा. पुढे अथेन्समध्ये ‘बोलण्यात देइनोस’ म्हणजे वक्तृत्वात विलक्षण तरबेज. सॉक्रेटिसाविषयी त्याच्या विरोधकांनी न्यायाधीशांना हाच इशारा दिला होता. मग माणूस ‘देइनोस’ म्हणजे काय? अद्भुत की भयावह? अनुवादकाला एक बाजू निवडावी लागते आणि दुसरी हातची जाते.

आपल्या काव्यशास्त्राने भयानक आणि अद्भुत हे रस वेगळे मांडले. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनालाही ‘अद्भुत’ आणि ‘उग्र’ अशी दोन विशेषणे शेजारी ठेवावी लागली. बोलीने मात्र हा भेद फारसा मानलेला नाही. ‘पोरगा भयंकर हुशार आहे’ असे म्हणणाऱ्याच्या स्वरात कौतुक असते आणि थोडा धाकही. दरवेळी एवढा अर्थ त्यात असतोच असे नाही. वापरून वापरून शब्द गुळगुळीतही होतात, आणि आमची लाल रेघ बहुधा अशा गुळगुळीत शब्दांसाठीच असते.

परंतु त्या मुलाचा शब्द गुळगुळीत नव्हता. ज्या आभाळाने बाग नेली, तेच त्याला सुंदर दिसले होते. ‘अत्यंत’ने सौंदर्य राखले आणि बाग गाळली. आता अशा जागी रेघ ओढण्यापूर्वी आम्ही विचारतो, ‘तू नेमके काय पाहिलेस?’