शेवटच्या तासाचा हिशेब

एम.ए. भाग दोनचा शेवटचा तास मी शिकवण्यात घालवत नाही. त्या दिवशी मुलांना एकच प्रश्न विचारते : या दोन वर्षांनी तुम्हांला काय दिले? उत्तरे बहुधा ठरावीक येतात. कुणी संतसाहित्याचे नाव घेतो, कुणी सेट-नेटच्या तयारीचे, कुणी मैत्रीचे. 'आता पुढे काय?' हा खरा प्रश्न मात्र कुणी बोलून दाखवत नाही. मराठीत एम.ए. झालेल्यापुढे बी.एड., स्पर्धा परीक्षा किंवा तासिका तत्त्वावरची नोकरी, एवढेच रस्ते दिसतात. आणि तिसरा रस्ता कसा असतो, हे तो आपल्याच काही शिक्षकांकडे पाहून दोन वर्षे शिकत असतो.

मी एम.ए. झाले तेव्हा सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ नव्हते. आमच्या पदवीपत्रांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची मुद्रा असे. २००४ साली एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ येथे झाले; २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. विद्यापीठ घराजवळ आले खरे. पण घरची भाषा विद्यापीठात आली का, हा प्रश्न मला यंदाच्या शेवटच्या तासाने घातला.

वर्गातील एक मुलगी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून येत असे. विडी कामगार स्त्रियांची ही दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. तिच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि उर्दू, आणि सगळ्यांच्या मधली भाषा म्हणून सोलापुरी मराठी. पहिल्या सत्रात तिने निबंधात लिहिले होते, 'आई विड्या वळलाली.' मी ते तांबड्या शाईने खोडून वर 'वळत आहे' असे लिहिले. त्याच सत्रात, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही वर्गात पेढे वाटले. ती पेढा घेऊन मुकाट्याने बाकावर जाऊन बसली. पुढे तिचे लेखन निर्दोष होत गेले आणि वर्गातले बोलणे कमी होत गेले. पहिली गोष्ट मी माझे यश समजले. दुसरी माझ्या ध्यानातही आली नाही.

शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी तिने विषय निवडला तो विडी कामगार स्त्रियांच्या बोलीचा. आई आणि शेजारणी पाने कातरीत बसल्या असता तिने त्यांचे बोलणे टिपून घेतले होते. तोंडी परीक्षेत तिने फळ्यावर पहिले उदाहरण लिहिले, 'आई विड्या वळलाली.' मग शांतपणे सांगितले की हे रूप चुकीचे नसून नियमित आहे. 'करलाली', 'बसलाली', 'जेवलाली' अशी ती सगळी एकाच वळणाने चालतात. 'वळायला लागली' याचा तो संकोच असावा, असा तिचा तर्क होता. बोलीलाही व्याकरण असते, हे भाषाविज्ञानाच्या तासाला मीच त्यांना शिकवले होते. दुपारी फळ्यावर ते लिहायचे आणि संध्याकाळी वह्यांत नेमके तेच खोडायचे, हा माझा शिरस्ता मला त्या दिवशी प्रथमच दिसला.

शेवटच्या तासाला तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, पहिल्या वर्षी वाटलं होतं, मला मराठी येत नाही. आता वाटतं, मला दोन मराठी येतात."

मुले हसली, टाळ्या वाजल्या. मला लगेच काही बोलता आले नाही.

या उत्तराने तिचा पुढचा प्रश्न सुटलेला नाही, याची मला जाणीव आहे. जूनपासून ती एका शिकवणीत शिकवायला जाणार आहे. घरात आईच्या पानांची टोपली आहेच. दोन मराठी येतात म्हणून कुणी दुप्पट पगार देत नाही. तरीही ती शिकवील तेव्हा समोरच्या पोराला त्याची भाषा तोंडातच गिळायला लावणार नाही, एवढे खात्रीने वाटते.

तांबडे पेन मी टाकून दिलेले नाही. उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषा लागते, आणि ती न शिकवणे हाही मुलांवर अन्यायच. फक्त आता मी खोडत नाही. समासात लिहिते : 'हे रूप सोलापुरी. प्रमाण मराठीत : वळत आहे.' लिहायला थोडा अधिक वेळ लागतो. तो दोन वर्षांपूर्वीच द्यायला हवा होता.