मागच्या पडवीतली टूल रूम

भुसावळच्या रेल्वे चाळींत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हत्यारं आधी जागेवरून आठवतात, मग नावावरून. पक्कड? दारामागच्या फळीवर, दुसऱ्या खिळ्याला. कानस? फडताळाच्या खालच्या कप्प्यात, मेणकापडात. आगवाली चाळ असो, हद्दीवाली असो की चांदमारी, घराघरातले वडील लोको शेडमध्ये, कॅरेज-वॅगनमध्ये नाहीतर गाडीवर. भोंगा झाला की माणसं घरी यायची आणि त्यांच्यासोबत शेडची शिस्तही यायची. आम्हा मुलांना वाटायचं, सगळ्या जगातच घरं अशी चालतात.

आमच्या घरी या शिस्तीचा पहिला मान लाकूड कातायच्या हत्यारांचा. वडील, म्हणजे अण्णा, शेडमध्ये फिटर, पण जीव लाकडात. मागच्या पडवीत त्यांनी लिलावातल्या जुन्या स्लीपरच्या दोन तुळया आडव्या टाकून लेथ उभा केला होता. आधी पायाने चालवायचा, पुढे त्याला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसली. त्याच्यावर लाटणी निघाली, ताकाच्या रव्या निघाल्या, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याच्या दांड्या, भोवरे. चाळीत बाळ रांगायला लागलं की पांगुळगाड्याची वर्दी आमच्याकडेच यायची. ढलप्या आई पोत्यात भरून ठेवायची, त्या पाण्याच्या बंबात जायच्या.

लोखंडाच्या लेथवर हत्यार घट्ट आवळलेलं असतं, हाताला फक्त चाक फिरवायचं असतं. लाकडाच्या लेथवर हत्यार हातात धरावं लागतं. खाली टेकण असतं, पण लाकूड हत्याराला हिसका देतं तो मनगटावरच येतो. म्हणून या हत्यारांचे दांडे हातभर लांब. सुताराच्या पटाश्या पेटीत आडव्या मावतात, या मावत नाहीत. आडव्या टाकल्या की एकीची धार दुसरीवर घासते. भिंतीला उभ्या टांगल्या तर धार वर ठेवायची की खाली, हा खरा प्रश्न. धार वर असली की कोणती पटाशी ते लगेच दिसतं, पण घरात लहान पोरं. धार खाली असली की पोरं सुरक्षित, पण सगळे दांडे सारखेच दिसतात.

यावर अण्णांनी काढलेला तोडगा मी आजवर दुसरीकडे पाहिला नाही. यावलच्या बाजूने आलेला जाड बांबू त्यांनी पेरापेराने कापला. प्रत्येक तुकड्याचं खालचं पेर बंद, वरचं तोंड उघडं. असे तुकडे सागवानी चौकटीत ओळीने बसवले आणि प्रत्येकाच्या तळाशी मशीनच्या तेलात भिजवलेली कापसाची जूट दाबली. पटाशी धार खाली करून त्यात सोडायची. धार जुटीवर टेकते, बोथट होत नाही, वर तेलाचा हात आपोआप फिरतो. बांबू हलका, म्हणून बदलीची ऑर्डर आली की चौकट दोन माणसांनी उचलायची आणि लगेजमध्ये टाकायची. त्या काळी मनमाड, खंडवा, बडनेरा ही नावं घरात कायम टांगलेली असत. उचलता न येणारी वस्तू रेल्वेच्या माणसाने करूच नये, असं त्यांचं मत.

आणि दांडे ओळखायचे कसे? त्यांनी प्रत्येक दांडा वेगळा कातला. ओबडधोबड लाकूड गोल करायच्या मोठ्या गोल पटाशीला एक कंगोरा. खळगे काढायच्या लहान गोल पटाशीला दोन. तिरक्या धारेच्या पटाशीच्या दांड्याला कंगोरा नाही, नुसती मधे बारीक कंबर. छाटायच्या पातळ हत्याराला टोकाशी बोंड. लाकूडही वेगळं: मोठ्या पटाशीला अंजन, कारण खानदेशातलं हे झाड दगडासारखं जड आणि हिसका गिळून टाकतं, बाकीच्यांना बाभूळ, एकाला शिसव. बोटं बांबूच्या तोंडावरून फिरवली की कोणतं काय ते कळायचं. संध्याकाळी वीज गेली की हीच आमची परीक्षा. अण्णा चौकटीसमोर उभं करून म्हणायचे, ‘‘डोये मिट, अन् हातानं वयख.’’ माझ्याहून धाकट्या बहिणीचा हात यात कधी चुकला नाही, आणि पुढे लेथवरही घरात तिचाच हात सगळ्यात चांगला बसला.

या पटाश्यांतल्या निम्म्या जुन्या कानशींच्या होत्या. कानशीचं पोलाद धार धरतं, पण तशीच घासून वापरली तर टेकणावर काचेसारखी तडकते. आधी दात पूर्ण घासून काढायचे, मग चुलीवर फिकट पिवळा रंग चढेपर्यंत शेकून तिचा ताठा उतरवायचा, मग धार. हे आम्हाला तोंडपाठ होतं, कारण न शेकलेली कानस बांबूच्या चौकटीत ठेवायला सक्त मनाई होती. चौकटीत जे आहे ते वापरायला तयार आहे, एवढा विश्वास तिच्यावर असायलाच हवा.

शेडच्या टूल रूममध्ये प्रत्येक कामगाराचे नंबर ठोकलेले पितळी बिल्ले असत. खिडकीवर बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं; हत्यार परत केलं की बिल्ला परत. आमच्या पडवीत पत्र्याचे बिल्ले होते, त्यावर पंचाने ठोकलेली आमची आद्याक्षरं. पटाशी काढली की तिच्या बांबूवरच्या चुकेला आपला बिल्ला लावायचा. आईचाही एक बिल्ला होता, आणि ती तो न चुकता लावायची. फणसाच्या आठळ्या फोडायला तिने हातोडी नेली तरी खिळ्यावर ‘स’ लटकलेला असायचा.

शेजारीपाजारीही असंच काहीतरी होतं. कॅरेजमधल्या सुतारकाकांकडे कॅनव्हासची गुंडाळी, प्रत्येक किकऱ्याला वेगळा खिसा. आयुध कारखान्यातले एक काका फळीवर प्रत्येक पान्याची आकृती लाल रंगाने रंगवायचे, म्हणजे पाना नसला की लाल डाग ओरडून सांगतो. गार्डकाका घरातली हत्यारंसुद्धा लाईन बॉक्समध्येच ठेवायचे. त्या पेटीत झेंडे, दिवा, फटाके, नियमांचं पुस्तक, सगळ्याला नेमकी जागा. रात्री दोनला कॉल आला तरी पेटी उघडून बघावी लागायची नाही.

भुसावळची हवा हत्यारांची परीक्षा बघणारी. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा लाकूड आकसतं, दांड्याचं पितळी कडं सैल होतं आणि पटाशी फिरत्या लाकडावर असताना निसटू शकते. म्हणून चैत्र संपला की सगळे दांडे जवसाच्या तेलात पुसले जायचे, कडी ठोकून बघितली जायची. मृग लागायच्या आधी जूट बदलायची आणि कापराच्या वड्या ठेवायच्या. गंज येऊ नये म्हणून कापूर हा शेडमधला जुना रिवाज. आमच्या पडवीला पहिल्या पावसात मातीचा वास यायचाच, पण त्यात कापराचाही असायचा.

वाफेची इंजिनं हळूहळू गेली. 1974 मध्ये विजेच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा कारखाना भुसावळात सुरू झाला, आणि पुढे अण्णांचं कामही त्या वळणाला लागलं. शेडमधली कितीतरी हत्यारं निरुपयोगी ठरली. लाकडाच्या पटाशीला इंजिन बदलल्याने काही फरक पडत नव्हता. निवृत्तीनंतर जामनेर रोडच्या घरात चौकट आधी गेली, भांडी नंतर.

आज ती चौकट बहिणीकडे नाशिकला आहे. फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी ती बसते, लहानसा लेथही आहे. बहिणीच्या मुलीने चौकटीखाली चाकं लावून घेतली, म्हणजे फरशी पुसायला सरकवता येते. अण्णा असते तर त्यांनी चाकांना ब्रेक आहे का एवढंच आधी बघितलं असतं. आहे. बिल्ल्यांमध्ये आता भाचीचं अक्षरही ठोकलेलं आहे.

आपल्या पिढीतल्या कितीतरी घरांत अशा पटाश्या अजून पलंगाखाली, माळ्यावर, गोणपाटात पडून आहेत. भंगारवाला त्या किलोने मागतो. देऊ नका. बाहेर काढा, रॉकेलमध्ये भिजवून गंज पुसा, कडी ठोकून बघा, धार खाली करून तेलाच्या जुटीवर उभ्या करा, आणि कोणता दांडा कशाचा ते घरातल्या पोराला डोळे मिटून हाताळायला द्या. मृगाच्या आधी झालं तर उत्तम.