कागदातलं पाणी

ओरिगामीचं पुस्तक निवडताना मी ते मधूनच उघडते. मुखपृष्ठावरचा भुंगा कितीही देखणा असला तरी त्यावरून काही कळत नाही. अवघड नमुन्याची पन्नासावी पायरी पाहावी. कागद उलटायची खूण आहे का? अर्धवट मिटलेल्या घडीचं चित्र आहे का? चहूबाजूंनी बंद असलेलं टोक आत बुडवायचं असतं, तिथे नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवून भागत नाही. हात अडतो तो नेमका त्या दोन चित्रांच्या मध्ये. जॉन मॉन्ट्रोलची पुस्तकं मला म्हणूनच प्रिय आहेत. एक चौकोन, कात्री नाही, आणि गुंत्याच्या जागी भरपूर सबुरी.

भाषेची अडचण फारशी येत नाही. तुटक रेघ म्हणजे दरी, रेघ-टिंब म्हणजे डोंगर, बाकी बाण. अकिरा योशिझावांनी १९५४ च्या पुस्तकात वापरलेली ही लिपी रँडलेट आणि हार्बिन यांनी जगभर नेली, म्हणून जपानीचं अक्षर न येताही इथे मुरुडच्या पडवीत जपानी बगळा उभा राहतो. मराठीत अनिल अवचटांनी या छंदाची गोडी अनेकांना लावली. आणि टी. सुंदर राव यांचं मद्रासला १८९३ साली निघालेलं इंग्रजी पुस्तक तर प्रत्येकाने एकदा हाताळावंच. बालवाडीच्या रंगीत कागदांवरून त्यांना ते सुचलं. नुसत्या घड्यांतून त्यांनी समभुज त्रिकोण आणि पंचकोन काढले. फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञाने त्याची दखल घेतली.

पण मुरुडात खरी परीक्षा पाहतो तो पाऊस. आषाढात समुद्रावरची ओल कागदाच्या तंतूंत शिरते, ते फुगतात, आणि नखाने पक्की केलेली घडी सैल पडते. बारीक पायांचे किडे तेव्हा करूच नयेत. त्या दिवसांसाठी योशिझावांचीच दुसरी देणगी आहे: जाड, खळीचा कागद किंचित ओला करून घडवायचा. ओलीने खळ मऊ होते आणि वाळताना दिलेल्या आकारातच घट्ट होते. वाडीतली माणसं पोफळीची विरी भिजवून मगच दुमडतात, कोरडी दुमडली तर तडकते, रीत तीच. असा हत्ती केला की त्याच्या पाठीला खरा बाक येतो.

किड्यांसाठी मात्र रॉबर्ट लँगचं २००३ चं पुस्तक हवं. प्रत्येक पाय कागदावरचं एक वर्तुळ खातो, हे त्यात उलगडतं. पाय कोपऱ्यातून काढला तर पाव वर्तुळ, कडेवरून काढला तर अर्धं, मधून काढला तर पूर्ण. हे समजलं की नमुना पाठ करावा लागत नाही. सहा पायांना एवढा मोठा कागद का लागतो, आणि इतका मोठा कागद घेऊनही किडा एवढासाच का होतो, ते दिसू लागतं.

मला मराठीत असं एक पुस्तक हवं आहे. त्यात वर्तुळांचा हा हिशेब असावा, दापोलीच्या दुकानात मिळणाऱ्या खाकी आणि पतंगाच्या कागदाचा गुण लिहिलेला असावा, आणि कुठला नमुना पावसात करावा, कुठला दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, हेही.