मन्सूर डावीकडे का सरकले?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माहेरी गेले होते. पहाटे साडेपाचला उठून गाणं ऐकायचं हा बाबांचा जुना नेम. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज अगदी बारीक. त्या दिवशी चहा घेऊन गेले, तर बाबा खुर्ची उजव्या स्पीकरला चिकटवून, मान वाकडी करून बसलेले.

"अगं, उजवा कान गेला बहुतेक माझा. मल्लिकार्जुन मन्सूर हल्ली डाव्या कोपऱ्यात बसूनच गातात," असं म्हणून हसले. पण हसू काही खरं नव्हतं. आईने नंतर स्वयंपाकघरात सांगितलं, चार महिने झाले, डॉक्टरचं नाव काढलं की चिडतात.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी आयुष्यात फारसे दिवे लावलेले नाहीत, पण एक गोष्ट सुचली. स्पीकरच्या तारांची डावी-उजवी अदलाबदल केली. मन्सूर उठून उजवीकडे गेले! म्हणजे कान शाबूत होता, बहिरा होता तो ॲम्प्लिफायर. मग आवाज मोठा केला, तर ते मुकाट्याने मधोमध येऊन बसले. चोर सापडला. आवाज कमी-जास्त करायचं बटण.

या बटणामागे पॉट असतो. डाव्या आणि उजव्या बाजूसाठी कार्बनचे दोन पट्टे, आणि त्यांवरून एकाच दांड्याने एकत्र फिरणारे दोन काटे. दोन्ही पट्टे तंतोतंत सारखे असले तरच आवाज मधोमध येतो. स्वस्त पॉटमध्ये दोन बाजूंत ३ डेसिबलचा फरक चालवून घेतात. ३ डेसिबल म्हणजे एका बाजूला दुप्पट शक्ती! आणि हा फरक सर्वांत जास्त उघडा पडतो तो बटणाच्या सुरुवातीला, बारीक आवाजात. म्हणजे नेमका बाबांच्या पहाटेच्या वेळी. त्यात ते जुनं मोनो रेकॉर्डिंग, दोन्हीकडून सारखंच यायला हवं असलेलं.

पुण्याला परतल्यावर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात गेले. साधा पॉट चाळीस रुपये. चांगला जपानी पॉट दीड हजार. आणि काउंटरखालून काढलेला चोवीस खटक्यांचा स्विच, साडेचार हजार.

"बटणाला साडेचार हजार? सोन्याचं आहे का?" इति नवरा.

थोडंसं आहेच म्हणा, मुलामा देण्यापुरतं. पण पैसे त्याचे नाहीत. या स्विचमध्ये पट्टाच नसतो, प्रत्येक खटक्याला वेगळे रेझिस्टर असतात. पुढचा खटका धरल्याशिवाय मागचा सोडायचा नाही, नाहीतर दर पायरीला स्पीकरमधून 'टक्' ऐकू येतं. हे हजारो वेळा फिरवलं तरी बिनचूक चालायला हवं. मोबाईलमधला भाग कोट्यवधींनी बनतो, साच्याचा खर्च प्रत्येक नगावर पैशांत येतो. असला स्विच घेणारे जगात मूठभर. साचा मात्र तेवढाच महाग.

रेझिस्टर मी साधे घेतले, एक टक्कावाले, शंभरेक. मग दोन संध्याकाळी ताटात ओतून, मल्टीमीटर लावून, जोड्या लावत बसले. आई तांदूळ निवडायची तशीच. खडा बाजूला, बुटका बाजूला, सारखे दोन सापडले की वाटीत. आणि तिथे मला किमतीचं गणित कळलं. वस्तू तीच, रुपयाची. महाग आहे ती निवड. कारखान्यातही कुणीतरी (किंवा कुठलं तरी यंत्र) हेच करतं. शेकड्यातून सारखे निवडतं आणि उरलेल्यांचा खर्च आपल्याकडून वसूल करतं. माझ्या दोन संध्याकाळींची मजुरी लावली असती, तर माझे रेझिस्टरही महागच पडले असते.

निवडीच्याही पलीकडे जाणारे रेझिस्टर आहेत. व्हिशे कंपनी काढणाऱ्या फेलिक्स झँडमन यांचा १९६२ सालचा शोध. धातूचा पातळ पत्रा सिरॅमिकवर चिकटवायचा. तापला की पत्र्याचा रोध वाढू पाहतो, पण सिरॅमिक त्याच्याइतकं प्रसरण पावत नाही. त्यामुळे पत्रा दाबला जातो आणि त्या दाबाने रोध कमी होतो. एक वाढवतो, दुसरा घटवतो, हिशोब जवळजवळ शून्य. एकेकाची किंमत हजाराच्या घरात. मोजमापाच्या उपकरणांत, अवकाशयानांत त्याचं मोल आहेच. बाबांच्या बटणाला मात्र एक टक्का निवडलेला पुरतो. फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत येतो.

आता माझी फजिती. त्याच झपाट्यात मी सहा हजारांची कपॅसिटरची जोडी मागवली. चांदीची, "आवाज खुलवणारी". नवऱ्याला मागे बसवून, मला न दिसेल अशा बेताने साधे-महाग बदलायला लावले. दहा वेळा ओळखायचं होतं. पाच बरोबर आले. छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते. आणि विचार करा, एनई ५५३२ नावाची आयसी, १९७० च्या दशकाच्या अखेरची, काही रुपयांची. स्टुडिओतल्या मिक्सरमध्ये ती वर्षानुवर्षं डझनांनी बसवलेली आहे. आपल्या आवडीची कितीतरी गाणी तिच्यातून गाळूनच आपल्यापर्यंत आलेली आहेत. ते पाणी शेवटच्या क्षणी चांदीच्या पेल्यात ओतून काय साधणार? म्हणजे काही किमती मजुरीच्या असतात आणि काही नवसाच्या. मी दोन्ही भरल्या.

संक्रांतीला जाऊन स्विच बसवला. पहाटे दिवा न लावता बाबा खुर्चीत बसले, नेहमीच्या जागी, मधोमध. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आले गं परत जागेवर."

त्यानंतर स्वतःहून कान तपासून आले. वरच्या पट्टीतलं दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, वयानुसार, पण अगदी सारखं. "जोडी जुळलेली आहे," म्हणून मला फोनवर सांगत होते.

स्विच कितीला पडला विचारलं तेव्हा चारशे सांगितलं. ते म्हणाले, "महाग दिला गं." कपॅसिटरबद्दल मात्र घरात कुणी विचारू नये ही विनंती. आई, तू हे वाचशीलच, पण बाबांना वाचून दाखवताना शेवटचे हे दोन परिच्छेद गाळ.